सिंधू संस्कृतीची शहरं चालायची कशी? विटा, विहिरी, मोऱ्या आणि गटारं

शाळेत हडप्पा-मोहेंजोदडोचा धडा चार पानांत संपायचा. नर्तिकेची मूर्ती, बैलाची मुद्रा, मोठं स्नानगृह, आणि मग "नगररचना उत्तम होती" असं एक वाक्य, की झाला धडा. मला वाटतं सगळी गंमत त्या एका वाक्यातच आहे आणि ते कोणी नीट उलगडून सांगत नाही. उत्तम म्हणजे काय? साडेचार हजार वर्षांपूर्वी हजारो माणसं एका ठिकाणी दाटीवाटीने राहत होती तर त्यांना रोज पाणी कुठून मिळायचं, ते वापरून झाल्यावर जायचं कुठे, घरं बांधायला सारख्या मापाच्या विटा कोण पुरवायचं, हे सगळं सांभाळायचं कोण? आज त्याबद्दलच लिहितोय, आणि मुख्यतः पाण्याबद्दल, कारण या शहरांचं सगळं पाण्यापाशी येऊन थांबतं.

आधी थोडक्यात काळ आणि जागा. या संस्कृतीचा भरभराटीचा काळ साधारण इ.स.पू. २६०० ते १९०० असा धरतात, म्हणजे तिकडे इजिप्तमध्ये पिरॅमिड उभे राहत होते आणि इराकमध्ये सुमेरी शहरं जोरात होती तोच काळ. मोठी शहरं पाच मानली जातात. हडप्पा रावीच्या काठी पाकिस्तानी पंजाबात, मोहेंजोदडो सिंधूच्या काठी सिंधमध्ये लारकाना जिल्ह्यात, गनवेरीवाला चोलिस्तानच्या वाळवंटात, राखीगढी हरियाणात आणि धोलावीरा कच्छच्या रणात. बाकी लहानमोठ्या वस्त्या हजाराच्या वर सापडल्यात. हडप्पा आणि मोहेंजोदडो यांच्यात सहाशे किलोमीटरच्या आसपास अंतर आहे आणि तरी दोन्हीकडे विटेचं प्रमाण एक, वजनं एक, मुद्रा एकाच पद्धतीच्या. हे डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

ही शहरं सापडली कशी ती गोष्ट थोडी त्रासदायकच आहे. हडप्प्याचं टेकाड इंग्रजांना एकोणिसाव्या शतकातच माहीत होतं, पुरातत्त्व खात्याचा प्रमुख अलेक्झांडर कनिंगहॅम तिथे जाऊन आला होता, १८७५ मध्ये त्याने तिथली एक मुद्रा छापलीसुद्धा, पण ती किती जुनी आहे याचा अंदाज त्याला आला नाही. आणि त्याआधीच, १८५०-६० च्या सुमाराला, लाहोर-मुलतान रेल्वेचं काम निघालं होतं, रुळांखाली भर घालायला खडी हवी, तर कंत्राटदारांनी हडप्प्याच्या भाजलेल्या विटा गाड्या भरभरून नेल्या. दीडशे किलोमीटरच्या आसपास रेल्वेमार्ग त्या विटांवर उभा राहिला असं म्हणतात. चार हजार वर्षं टिकलेल्या भिंती खडी म्हणून गेल्या. त्यामुळे हडप्प्यात आज मोहेंजोदडोसारखी घरं दिसत नाहीत.

पुढे १९२१ मध्ये दयाराम साहनींनी हडप्प्यात रीतसर उत्खनन सुरू केलं, १९२२ मध्ये राखालदास बॅनर्जींनी मोहेंजोदडोत. बॅनर्जी खरं तर तिथल्या बौद्ध स्तूपासाठी गेले होते आणि स्तूपाखाली निघालं भलतंच जुनं शहर. दोन्हीकडच्या मुद्रा सारख्या आहेत हे लक्षात आल्यावर सप्टेंबर १९२४ मध्ये पुरातत्त्व खात्याचा तेव्हाचा महासंचालक जॉन मार्शल याने जगाला जाहीर केलं की भारतात एक पूर्ण विसरलेली संस्कृती सापडलीये. यात आपल्याकडचं एक नाव हमखास विसरलं जातं, ते म्हणजे काशिनाथ नारायण दीक्षित. मूळचे पंढरपूरचे. मोहेंजोदडोत सुरुवातीच्या काळात त्यांनी खणलेल्या भागाला आजही जगभरातले अभ्यासक 'डीके एरिया' म्हणतात, ते डीके म्हणजे दीक्षित. पुढे ते पुरातत्त्व खात्याचे महासंचालक झाले. पंढरपूरच्या माणसाचं नाव मोहेंजोदडोच्या नकाशावर आहे आणि आपल्याला ते शाळेत कोणी सांगत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता विटांकडे येऊ. या लोकांच्या विटेचं प्रमाण १:२:४ असं होतं, जाडीच्या दुप्पट रुंदी, रुंदीच्या दुप्पट लांबी. घराची भाजलेली वीट साधारण ७ सेंमी जाड, १४ रुंद, २८ लांब. याने काय होतं? दोन विटा शेजारी शेजारी ठेवल्या की त्यांची रुंदी बरोबर एका विटेच्या लांबीइतकी होते. म्हणजे भिंत रचताना एका थरात विटा लांबीच्या बाजूने लावायच्या, वरच्या थरात आडव्या भिंतीच्या आतपर्यंत जातील अशा, की खालचा सांधा वरच्या सांध्यावर येतच नाही आणि भिंत एकमेकांत गुंतून जाते. आजचा गवंडीसुद्धा सांधमोड करतोच, तेच हे. आणि प्रमाण ठरलेलं असलं की कुठल्याही भट्टीची वीट कुठल्याही भिंतीत बसते, मोजमाप करत बसायला नको, विटा फोडत बसायला नको.

भाजलेली वीट महाग पडते, कारण भट्टीला लाकूड लागतं. म्हणून बऱ्याच ठिकाणी घरांच्या भिंती उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांच्या असायच्या. राजस्थानातल्या कालीबंगनला हे फार स्पष्ट दिसतं, घरं कच्च्या विटांची आणि भाजक्या विटा वापरल्यात त्या विहिरीला, मोरीला, गटाराला. जिथे पाणी लागणार तिथेच भट्टीचा खर्च. मोहेंजोदडो मात्र इतकं श्रीमंत होतं की तिथे अख्खी घरंच्या घरं भाजक्या विटांची आहेत.

मोहेंजोदडोत विहिरी किती असाव्यात? अभ्यासकांचा अंदाज सातशेच्या आसपास. एका शहरात सातशे विहिरी! म्हणजे जवळपास दर तीन घरांमागे एक. काही विहिरी घराच्या आत, काही गल्लीच्या तोंडाशी, कोणीही येऊन पाणी भरावं अशा. गोल विहीर चौकोनी विटांनी बांधली तर विटांमध्ये फटी राहतात आणि बाहेरच्या ओल्या मातीच्या दाबाने भिंत आत ढासळते, म्हणून त्यांनी विहिरींसाठी पाचरीच्या आकाराच्या वेगळ्या विटा पाडल्या, आतल्या बाजूला अरुंद, बाहेरच्या बाजूला रुंद. माती जितकी दाबेल तितक्या त्या विटा एकमेकींत घट्ट बसतात. काही विहिरींची खोली वीस मीटरच्या घरात जाते. इतक्या खोल, चिंचोळ्या जागेत उतरून कोणीतरी हे बांधकाम केलंय.

मोहेंजोदडोच्या फोटोंमध्ये विटांचे उंच गोल मनोरे उभे दिसतात, बरेच जण त्यांना धुराडी किंवा बुरूज समजतात. त्या विहिरी आहेत. शहरात पिढ्यान्‌पिढ्या जुन्या घरांवर नवी घरं बांधली जायची, जमिनीची पातळी वर चढायची, मग विहिरीचा कठडा पण बांधून वर न्यायचा. उत्खननात आजूबाजूची माती काढून खालची जुनी पातळी उघडी केली आणि विहिरी तेवढ्या हवेत उभ्या राहिल्या. म्हणजे तो एक मनोरा म्हणजे कित्येक पिढ्यांची बांधणी, एकीवर एक.

हडप्प्यात मात्र विहिरी फारच कमी सापडल्यात, म्हणजे सगळीकडे एकच नकाशा छापून शहरं काढली असं मुळीच नव्हतं. जागा बघून सोय केलेली आहे.

आता माझा सगळ्यात आवडता भाग, वापरलेलं पाणी. आपण एक बादली पाणी घेऊन तिच्या मागे मागे जाऊ. मोहेंजोदडोतल्या साध्या बऱ्या घरात रस्त्याच्या बाजूच्या भिंतीला लागून न्हाणीची छोटी खोली असायची. तिथली जमीन भाजक्या विटांची, विटा घासून इतक्या गुळगुळीत करून बसवलेल्या की सांध्यात पातं जाणार नाही, आणि कडेने विटांचा उंच काठ म्हणजे पाणी बाकी घरात जाऊ नये. जमिनीला एका कोपऱ्याकडे हलका उतार. (आपल्या जुन्या घरातली मोरी आठवा, अगदी तीच गोष्ट.) त्या कोपऱ्यातून पाणी भिंतीतल्या भोकातून बाहेर, बाहेर भाजक्या मातीची पन्हळ किंवा विटांचा उतरता पाट, म्हणजे पाणी रस्त्यावरच्या माणसाच्या अंगावर उडू नये. काही घरांना वरचा मजला होता, तिथलं पाणी खाली आणायला भिंतीत मातीच्या नळ्या एकात एक बसवलेल्या. काही घरांत संडाससुद्धा सापडलेत, त्यांचा मार्गही याच गटारात.

गल्लीतलं गटार विटांनी बांधलेलं, रस्त्याच्या पातळीच्या खाली, वरून विटांनी नाहीतर दगडी फरश्यांनी झाकलेलं. झाकण पक्कं बसवलेलं नाही, उचलता येईल असं ठेवलेलं, म्हणजे तुंबलं तर उघडून साफ करता यावं. बऱ्याच घरांचं पाणी थेट गटारात जात नसे, आधी एका खड्ड्यात किंवा जमिनीत पुरलेल्या रांजणात पडायचं, गाळ तळाशी बसायचा आणि वरचं पाणी पुढे जायचं. मोठ्या गटाराच्या वाटेवरही मधे मधे असे खड्डे आहेत. गल्लीचं गटार मोठ्या रस्त्याच्या गटाराला मिळतं आणि ते पुढे शहराबाहेर. आणि उत्खननात गटारांच्या कडेला काढून टाकलेल्या हिरवट गाळाचे छोटे ढीग सापडलेत! साडेचार हजार वर्षांपूर्वी कोणीतरी गटार उपसून गाळ बाजूला टाकला आणि तो तसाच राहिला. मला तर सोन्याच्या दागिन्यांपेक्षा तो गाळ जास्त मोलाचा वाटतो, कारण गटार बांधणं एकदाच होतं, पण ते साफ करणारी माणसं रोज लागतात. ती कोण होती, त्यांना काय मिळायचं, त्यांची घरं कुठे होती हे कुठल्याच मुद्रेवर वाचता येत नाही, पण शहर त्यांच्या जिवावर उभं होतं.

मोहेंजोदडोच्या मोठ्या स्नानगृहाबद्दल सगळ्यांना माहीतच असतं म्हणून थोडक्यात. साधारण १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद, २.४ मीटर खोल हौद, दोन बाजूंनी पायऱ्या. विटा उभ्या कडेवर अगदी चिकटून बसवलेल्या, सांध्यात जिप्समचा गिलावा, आणि भिंतीच्या मागे पाणी झिरपू नये म्हणून डांबराचा जाड थर. शेजारच्या खोलीत विहीर, आणि हौद रिकामा करायला एक मोठं गटार, ज्यात माणूस उभा राहील. तिथे धार्मिक विधी व्हायचे असं बहुतेक अभ्यासक मानतात. मला स्वतःला गल्लीतली गटारं याहून मोठी गोष्ट वाटते, एक भव्य हौद कुठलाही बलवान राजा बांधून घेईल, पण प्रत्येक गल्लीतल्या साध्या घराचं सांडपाणी नेऊन सोडणं हे फार कमी शहरांना जमलंय.

आता धोलावीरा, कारण तिथे प्रश्न बरोबर उलटा होता. मोहेंजोदडोत पुराचं पाणी बाहेर ठेवायचं, धोलावीरात पाणीच नाही. कच्छच्या रणात खदीर नावाचं बेट आहे, चहूकडे मीठ, पाऊस जेमतेम, बारमाही नदी एकही नाही. शहराच्या एका बाजूला मनसर आणि दुसऱ्या बाजूला मनहर असे दोन ओढे, ते पण फक्त पावसात वाहणारे. अशा जागी लोकांनी शहर वसवलं आणि हजारभर वर्षांहून जास्त काळ टिकवलं.

कसं? जागा निवडली ती उतारावरची. ओढ्यांवर बंधारे घातले, पाणी वळवून शहराच्या तटाला लागून खोदलेल्या तलावांत सोडलं. एक तलाव भरला की जादा पाणी पुढच्या खालच्या तलावात, तो भरला की त्याच्या पुढच्या. असे सोळाच्या आसपास तलाव, काही सरळ खडकात कोरलेले. बालेकिल्ल्याच्या पूर्वेचा तलाव जवळपास ७३ मीटर लांब, २९ मीटर रुंद आणि दहा मीटरच्या आसपास खोल आहे, आत उतरायला दगडी पायऱ्या. दहा मीटर म्हणजे तीन मजले! पाऊस दोन-चार दिवसांतच पडून जातो, तेवढ्यात जे मिळेल ते भरून घ्यायचं आणि पुढे वर्षभर पुरवायचं, एखादं वर्ष कोरडं गेलं तरी निभावलं पाहिजे, हा सगळा हिशोब त्या खोलीत आहे. खोल तलावाचं पाणी उन्हाने कमी उडतं, तो फायदा वेगळाच.

बालेकिल्ल्यावर पडणारा पाऊससुद्धा वाया जाऊ दिलेला नाही, खाली दगडी नाल्यांचं जाळं आहे, काही नाल्यांत माणूस आतून चालत जाऊ शकतो. पहिल्यांदा ते पाहिल्यावर गटारं वाटतात, पण त्यातून सांडपाणी जात नव्हतं, स्वच्छ पावसाचं पाणी साठवणीकडे जायचं. आणि तिथल्या विहिरीच्या काठच्या दगडावर दोराने पडलेल्या खाचा आहेत. दोर दगडावर घासून घासून खाच पडायला किती वेळा पोहरा वर-खाली झाला असेल याचा विचार करा.

धोलावीरा १९६७-६८ मध्ये जगत्पती जोशींनी शोधलं, आणि १९९० च्या सुमारापासून आर. एस. बिष्ट यांनी पुढे पंधरा वर्षं खणलं. २०२१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं. तिथल्या उत्तर दरवाजाजवळ दहा मोठ्या अक्षरांची एक पाटी पण मिळाली, लाकडात जिप्समचे तुकडे बसवून केलेली, लाकूड कुजून गेलं आणि अक्षरं जागच्या जागी मातीत राहिली. लिपी अजून कोणालाच वाचता आलेली नाही. चारशेच्या आसपास चिन्हं आहेत, पण एका मुद्रेवर सरासरी पाचच चिन्हं असतात, एवढ्या तोकड्या मजकुरावरून भाषा ओळखणं फार अवघड. त्यामुळे दर काही महिन्यांनी कोणीतरी "लिपी वाचली" म्हणून व्हिडिओ टाकतं त्यावर लगेच विश्वास ठेवू नका.

मग हे सगळं चालवायचं कोण? इथे सगळे अडखळतात. इजिप्तसारखी राजाची थडगी नाहीत, इराकसारखी मोठी देवळं ओळखता आलेली नाहीत, राजवाडा म्हणून बोट ठेवावं अशी इमारत नाही. ज्याला 'पुरोहित राजा' म्हणतात तो पुतळा १७.५ सेंमी उंच आहे फक्त, आणि राजा हे नाव आपण दिलेलं. पण कुठलीतरी व्यवस्था नक्की होती आणि तिचा पुरावा वजनांत आहे. चर्ट नावाच्या दगडाचे छोटे घोटीव चौकोनी ठोकळे, एकापेक्षा दुसरं दुप्पट, १, २, ४, ८, १६, ३२, ६४ असे. सगळ्यात जास्त सापडतं ते १६ पटीचं, साधारण १३.७ ग्रॅमचं. हडप्प्यात ही वजनं आणि मुद्रा शहराच्या वेशीपाशी बऱ्याच मिळाल्या, म्हणून काही अभ्यासक म्हणतात की माल आत येताना तिथे जकात घेतली जात असावी. मला हे पटतं. जकातीचा पैसा गटारांवर खर्च व्हायचा असा पुरावा नाही, पण जिथे गुजरातपासून पंजाबपर्यंत वजन एकच आहे तिथे लोकांनी एकमेकांशी काही नियम ठरवलेत आणि पाळलेतही. इकडचा माल पार इराकपर्यंत जायचा, अक्कडचा राजा सार्गोन शिलालेखात बढाई मारतो की मेलुहाची जहाजं माझ्या धक्क्याला लागतात, आणि मेलुहा म्हणजे सिंधूचाच प्रदेश असं आता बहुतेक सगळे मानतात.

शेवट कसा झाला? जुन्या पुस्तकांत आर्यांचं आक्रमण आणि कत्तल असं असायचं. मॉर्टिमर व्हीलर या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञाने मोहेंजोदडोच्या रस्त्यांवर सापडलेल्या सांगाड्यांवरून ते मांडलं होतं. १९६४ मध्ये जॉर्ज डेल्सने ते तपासून दाखवलं की सांगाडे वेगवेगळ्या काळातले आहेत, लढाईची शस्त्रं नाहीत, जळाल्याच्या खुणा नाहीत, कत्तल म्हणावी असं काही नाही. आता भर आहे तो हवामानावर. इ.स.पू. २२०० च्या सुमाराला मोसमी पाऊस कमी होत गेला, नद्यांचे प्रवाह बदलले, घग्गर-हाक्रा नदीच्या काठचं पाणी आटत गेलं, त्याच काळात इराकमधला व्यापारही मंदावला. एका दिवसात काही झालं नाही, दोन-तीनशे वर्षं हे चाललं.

आणि ते मोहेंजोदडोच्या वरच्या थरांत डोळ्यांनी दिसतं. मोठ्या घरांचे तुकडे करून छोट्या खोल्या, जुन्याच विटा काढून परत वापरलेल्या, भिंती वाकड्या. रस्त्यात अतिक्रमण झालंय, कुंभाराच्या भट्ट्या पूर्वी वस्तीबाहेर असायच्या त्या आता गल्लीत. गटारं नीट राखली जात नाहीत, मोठं स्नानगृह वापरातून गेलेलं. माणसं आहेत अजून, पण सगळ्यांनी मिळून करायची कामं बंद पडलीत. धोलावीरात तर सगळ्यात वरच्या थरात, त्या काटेकोर चौकोनी शहराच्या अवशेषांवर, गोल झोपड्यांची छोटी वस्ती मिळते.

लोक संपले नाहीत, पसरले. गंगा-यमुनेच्या दुआबात, सौराष्ट्रात, छोट्या छोट्या गावांत, जिथे पाऊस बरा होता तिकडे. या पसरण्याचं एक टोक आपल्याकडे आहे, अहिल्यानगर जिल्ह्यात श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद. तिथे उत्तर हडप्पा (म्हणजे मोठी शहरं ओसरल्यानंतरच्या) काळातल्या वस्तीचा थर मिळालाय, आणि १९७४ मध्ये एका शेतकऱ्याला जमिनीत चार ब्राँझच्या वस्तू सापडल्या, हत्ती, गेंडा, म्हैस आणि बैलजोडीचा रथ हाकणारा माणूस. रथ ४५ सेंमी लांब आहे. त्यांच्या नेमक्या काळावर अभ्यासकांत वाद आहेत, पण थर आणि भांडी बघता सिंधू संस्कृतीचे धागे गोदावरीच्या खोऱ्यापर्यंत आले होते हे दिसतं. दायमाबादला १:२:४ च्या भाजक्या विटांची गल्ली नाही की झाकलेली गटारं नाहीत. मातीची घरं, गहू, जव, डाळी आणि बैल. लिपी, मुद्रा आणि चर्टची वजनं हळूहळू वापरातून गेली, आणि उत्तर भारतात परत मोठी शहरं उभी राहायला त्यानंतर हजारेक वर्षं लागली.